बोल्ट सगळ्यात शेवटी आवळायचा

मागची चाकं वळणात स्वतःच्या मर्जीने वागायला लागली की बुश गेले असं समजावं. बीडकडून येताना पाली मागे पडते, मांजरसुंब्याचा घाट सुरू होतो, आणि ही गोष्ट डोळ्यांच्या आधी पाठीला कळते. स्टिअरिंग वळवून झालेलं असतं, गाडीचं तोंड वळणात नीट बसलेलं असतं आणि क्षणभराने मागचा भाग बाजूला सरकतो. सरळ रस्त्यावर हीच गाडी गुणी असते. गतिरोधकावरून उतरताना मात्र मागून एक जड, बोथट ‘धप्’ येतो. लोक म्हणतात शॉकअप गेला. शॉकअप बदलला तरी ‘धप्’ तिथेच.

गाडी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस. ही 2004 साली भारतात आली, 1.8 लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन आणि 150 अश्वशक्ती घेऊन. टर्बो पेट्रोल म्हणजे काय हेही तेव्हा आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नव्हतं. आणि ती जोडली जायची आपल्याच मराठवाड्यात, शेंद्र्याच्या कारखान्यात. मांजरसुंब्याहून धुळे-सोलापूर महामार्ग धरला की न वळता संभाजीनगर. या गाडीवर माझा जीव आहे आणि त्यात हेही एक कारण आहे.

तिच्या मागच्या बाजूला एक आडवी जाड तुळई असते. तुळईच्या दोन्ही टोकांना दोन हात, आणि प्रत्येक हाताच्या पुढच्या टोकाला एक गोल डोळा. त्या डोळ्यात रबरी बुश ठोकून बसवलेला असतो. बुशच्या मधून एक लांब बोल्ट जातो आणि गाडीच्या अंगाला घट्ट असलेल्या कंसात बसतो. मागचा अख्खा सांगाडा पुढे-मागे, डावी-उजवीकडे धरून ठेवायचं काम या दोन रबरी गोळ्यांचं. स्प्रिंगा वजन उचलतात, शॉकअप उसळी जिरवतात, पण चाकांनी कुठे बघायचं ते बुश ठरवतात. म्हणून रबर फाटलं की वळणात अख्खी तुळई किंचित तिरकी होते आणि मागची चाकं गाडी वळवायला लागतात.

मांजरसुंबा चौफुल्याचं गाव आहे. एक रस्ता बीडला, एक चौसाळ्यावरून सोलापूरकडे, एक पाटोदा-जामखेडमार्गे नगरला, एक नेकनूर-केजवरून अंबाजोगाईला. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघाल्या की ट्रक, ट्रॅक्टर आणि ट्रॉल्या यांची रीघ लागते. त्यामुळे अशा रस्त्यांवर कमानपाटे, वेल्डिंग, पंक्चर आणि लेथ यांचं काम कधी अडत नाही. परदेशी गाडीचा सुटा भाग इथे मिळणार नाही, तो मागवावाच लागतो. पण तो भाग बसवायला लागणारं हत्यार तासभर बसून बनवून देणारा माणूस इथे मिळतो, आणि मोठ्या शहरात मला तो सहज सापडला नसता.

हे हत्यार अगदी साधं आहे. आटे पाडलेला जाड दांडा, दोन मोठे नट, जाड वॉशर आणि दोन पोकळ नळकांडी. एका नळकांड्याचं तोंड बुशच्या बाहेरच्या कवचावर नेमकं टेकलं पाहिजे. दुसरं इतकं रुंद हवं की बुश पलीकडून निघताना त्याच्या पोटात मावेल. लेथवाल्या काकांपुढे नवा बुश ठेवला. त्यांनी व्हर्नियर लावला, भिंतीवर खडूने दोन आकडे लिहिले आणि विचारलं, ‘‘दाब कवचावर द्यायचा का मधल्या नळीवर?’’ कवचावर, म्हटलं. ‘‘मग बरोबर. नळीवर दिला तर रबर आतून सुटल. कामून तसं करतेत लोकं, देव जाणे.’’ या कामाचं अर्धं शास्त्र या दोन वाक्यांत आलं. बुशमधलं रबर बाहेरच्या कवचाला आणि मधल्या नळीला पक्कं चिकटवलेलं असतं. नळी दाबली की ते चिकटणंच फाटतं आणि नवा बुश बसायच्या आधीच जुना होतो.

गाडी अंगणात घेतली. मातीवर जॅक लावायचा नाही आणि नुसत्या फरशीवरही नाही, खाली जाड फळी हवी. पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड आणि मागे लोखंडी घोड्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नाही, हा नियम मी कुणाच्याही घाईसाठी मोडत नाही. गाडी उचलायच्या आधी मात्र एक काम करून ठेवायचं असतं. गाडी चार चाकांवर उभी असताना मागच्या चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंतचं अंतर मोजायचं आणि लिहून ठेवायचं. याचा उपयोग अगदी शेवटी होतो.

ब्रेकचा रबरी पाइप आणि एबीएसची वायर हातावरच्या क्लिपांमधून सोडवली, नाहीतर तुळई खाली येताना त्यांना ताण बसतो. कंस गाडीलाच राहू दिले. ते हलले की मागच्या चाकांची दिशा हलते, म्हणून सोडायचे फक्त मधले बोल्ट. इथे बालाघाटच्या कोरड्या हवेचे उपकार मानायला हवेत. युरोपात बर्फासाठी रस्त्यावर मीठ टाकतात आणि हेच बोल्ट नळीत गंजून बसतात, मग करवतीने कापावे लागतात. कोकणातल्या गाड्यांचंही फार वेगळं नसतं. आपल्याकडे गंज कमी आणि धूळ फार. वायरब्रशने आटे साफ केले, तेल सोडून थांबलो, आणि लांब टॉमी लावल्यावर बोल्ट एकदा कुरकुरला आणि फिरला. जॅक हळूहळू उतरवला तशी हातांची पुढची टोकं कंसातून खाली आली.

जुना बुश उजेडात पाहिला. वरून नुसत्या बारीक चिरा दिसत होत्या. टॉमीने नळी जराशी ढकलली तर एका बाजूने रबर पूर्ण उघडलं, आत बोटाचं पेर जाईल एवढी फट. उन्हाने कडक आणि धुळीने करडं झालेलं रबर. फाटलेल्या कडेवर मात्र आतला काळा रंग अजून ताजा होता.

शेजारचा मेकॅनिक म्हणाला, ‘‘भाऊ, गॅस मारा, दोन मिन्टात रबर जळून पडंल.’’ ट्रकच्या पाट्याचा बुश असे काढतातही. इथे पेट्रोलची टाकी वीतभर अंतरावर होती, म्हणून गॅसला ठाम नकार. ड्रिलने रबरात ओळीने भोकं पाडली, मधली नळी ओढून काढली आणि राहिलेलं कवच करवतीच्या पात्याने आतून कापत गेलो. हे काम कंटाळवाणं आहे. पातं कवचापलीकडे गेलं तर डोळ्याच्या भिंतीवर ओरखडा उमटतो, त्यामुळे शेवटचा मिलिमीटर अगदी सावकाश. मग छिन्नीची हलकी टिचकी. कवच आत मिटतं आणि हातात येतं.

नवा बुश कसाही ठोकून चालत नाही. त्याच्या रबरात मुद्दाम पोकळ्या ठेवलेल्या असतात. एका दिशेने तो मऊ, दुसऱ्या दिशेने ताठ, आणि हा हिशोब चुकला तर वळणात गाडी पुन्हा तशीच वागते. जुना बुश काढायच्या आधीच पांढऱ्या रंगाने हातावर खूण केली होती. नव्याची खूण तिच्याशी जुळवली आणि साबणाचं पाणी लावलं. ग्रीस किंवा इंजिन ऑइल नाही, कारण खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगतं आणि सडतं. मग दांडा, वॉशर, नळकांडं आणि पाना. नट फिरवत गेलो की बुश केसाकेसाने आत सरकतो. तिरका होतोय असं वाटलं की मागे घ्यायचा, पुन्हा सरळ करायचा. कडेला टेकला की हाताला कळतं, पाना एकदम जड होतो.

वेगवान गाडीवाले पॉलियुरेथेनच्या बुशचा आग्रह धरतात. ते ताठ असतात, आणि शर्यतीच्या ट्रॅकवर त्याचा फायदा आहे. पण बहुतेक पॉली बुशमध्ये नळी ग्रीसवर फिरते, आणि आपल्या धुळीत त्या ग्रीसचं काय होतं ते पहिल्या उन्हाळ्यात कुरकुरीवरून कळतं. घाटातल्या रोजच्या गाडीला मी रबरच घालीन.  

आता सगळ्यात महत्त्वाचं. रबरी बुश फिरत नाही, तो पिळला जातो. चाक वर-खाली होतं तेव्हा नळी बोल्टने कंसाला घट्ट असते, कवच हातात घट्ट असतं आणि सगळा पीळ मधलं रबर सोसतं. गाडी अधांतरी, चाकं लोंबत असताना बोल्ट आवळला तर ती लोंबती अवस्था रबराची विश्रांतीची जागा ठरते. मग गाडी जमिनीवर टेकताच रबर पिळलेल्या टॉवेलसारखं होतं आणि अंगणात उभ्या गाडीतही त्याचा पीळ सुटत नाही. चांगल्या कंपनीचे बुश थोड्याच महिन्यांत फाटतात आणि दोष मालाला दिला जातो. कितीतरी गॅरेजांत हे असंच चालतं, कारण गाडी वर असताना पाना लावायला सोपं जातं.

म्हणून बोल्ट आधी नुसता हाताने बसवला. जॅक हाताच्या मागच्या टोकाखाली लावून चाक वर उचलत नेलं, लिहून ठेवलेलं अंतर बरोबर भरेपर्यंत. तिथे थांबून टॉर्क रेंचने बोल्ट आवळला. मग दुसऱ्या बाजूलाही तेच, अंतर पुन्हा टेपने मोजून. बोल्ट नवेच घातले.

नंतर घाटात गाडी नेली. वळणात शिरताना पुढचा आणि मागचा भाग आता एकदमच वळतात. पुलाच्या सांध्यावर ‘धप्’ नाही, नुसता ‘टप्’, आणि तोही टायरचा.

नळकांडी काकांनी ठेवून घेतली. 1.9 टीडीआय डिझेल ऑक्टाव्हियाची तुळईही याच घडणीची, आणि तशा गाड्या मराठवाड्यात अजून पळतात. भिंतीवरच्या खडूच्या आकड्यांपुढे त्यांनी गाडीचं नाव लिहिलं आणि मला म्हणाले, ‘‘कुणाचं असलं तर धाडून द्या. पर आवळायचं कवा, ते तुम्हीच त्याला सांगा.’’