लांबची वाट (भाग ९) : तुकडे कुठे पाडायचे?

अंथरूण-पांघरुणाबद्दल लिहीन असं कबूल केलं होतं, पण तो विषय पुढच्या आठवड्यावर ढकलतो. कारण नाशिकच्या एका वाचक बाईंचं पत्र. त्या शाळेत शिकवतात. नर्मदा परिक्रमा करायची आहे, पायीच करायची आहे, पण चार-पाच महिने सलग सुट्टी मिळण्याची सोय नाही. लांब सुट्टी मिळते ती नेमकी मे महिन्यात. म्हणून खंड परिक्रमा करायची, म्हणजे तुकड्यातुकड्याने. इथवर ठीक. पुढे त्या विचारतात, अपालाचियन ट्रेलवर लोक मधूनच सुरुवात करतात, एक टोक गाठतात आणि मग राहिलेला भाग उलट्या दिशेने चालतात, असं तुम्हीच लिहिलं होतं. तसं हवा बघून नर्मदेचे तुकडे मागेपुढे करता येतील का?

नाही. श्रद्धेचं कारण सगळ्यांना ठाऊक आहे: मैया कायम उजव्या हाताला राहिली पाहिजे, आणि जिथे थांबलो तिथूनच पुढचं पाऊल. पण घटकाभर श्रद्धा बाजूला ठेवली तरी अमेरिकेतली ती युक्ती इथे फारशी कामाची नाही. अपालाचियनची वाट सुमारे साडेतीन हजार किलोमीटरची, दक्षिणेला जॉर्जिया, उत्तरेला मेन. वसंत दक्षिणेकडून वर सरकतो, चालणारा त्याच्या मागोमाग निघतो. उशीर झाला तर उत्तरेचा कटाडिन पर्वत हिमवर्षावाच्या तोंडावर गाठावा लागतो. म्हणून काही जण मधल्या हार्पर्स फेरीहून उत्तरेला जातात, मेन उरकतात, मग गाडीने परत हार्पर्स फेरीला येऊन दक्षिणेची वाट धरतात. याला तिकडे फ्लिप-फ्लॉप म्हणतात. वाट उत्तर-दक्षिण पसरलेली आहे म्हणून हे जमतं.

नर्मदा वाहते पूर्वेकडून पश्चिमेकडे, कर्कवृत्ताच्या जरा खालून. तिच्या काठाने कितीही चाललात तरी अक्षांश फारसा बदलत नाही, त्यामुळे ऋतूच्या मागे धावण्याचा प्रश्नच येत नाही. इथे हवा बदलते ती उंचीने, मातीने आणि समुद्राच्या जवळिकीने. अमरकंटक समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून थोडं वर, सालवनांनी वेढलेलं. डिसेंबर-जानेवारीत तिथे पहाटे पारा शून्याच्या आसपास येतो. निमाडात खरगोनला मे महिन्यात पंचेचाळीसची मजल ठरलेली. मधलं नरसिंहपूर-होशंगाबादचं मैदान काळ्या मातीचं. आणि भरुचच्या खाली खंबातचं आखात, तिथलं वेळापत्रक सूर्यापेक्षा चंद्र ठरवतो.

सलग चालणाऱ्याचं गणित आता बघा. परिक्रमा साधारण २६०० किलोमीटरची. चातुर्मासात परिक्रमावासी एका जागी थांबतात, म्हणजे हवामान बघून वाटेचा तुकडा पाडण्याची सोय परंपरेतच आहे. समजा कार्तिकी पौर्णिमेला ओंकारेश्वरहून जल उचललं. रोज वीस-बावीस किलोमीटर पडले तर मार्चअखेर परत ओंकारेश्वर. पंधराच पडले तर मे उजाडतो, आणि शेवटी वाट्याला येतो तो दक्षिण तटाचा होशंगाबाद, हरदा, खंडव्याकडचा भाग. हा भाग एप्रिल-मेमध्ये चालणं म्हणजे सकाळी साडेनऊला आश्रमाच्या सावलीत शिरायचं आणि संध्याकाळपर्यंत बाहेर पडायचं नाही. दिवसाकाठी दहा किलोमीटर झाले तरी पुष्कळ. मे महिन्याच्या सुट्टीचा विचार बाईंनी सोडून द्यावा.

तुकड्यांचा क्रम बदलता येत नाही, हे झालं. पण दोन गोष्टी आपल्या हातात उरतात: सुरुवात कुठून करायची आणि सांधे कुठे पाडायचे. परिक्रमा ओंकारेश्वरहूनच उचलावी असं काही नाही. अमरकंटक, जबलपूरचं ग्वारीघाट, नेमावर, कुठूनही लोक उचलतात. तरी मी ओंकारेश्वरच सुचवीन. तिथून पहिलाच तुकडा निमाड आणि शूलपाणीच्या झाडीचा येतो आणि तो थंडीत उरकतो. सरदार सरोवराच्या पाण्याने काठची जुनी वाट गिळली, आता सातपुड्याच्या घड्यांमधून, आपल्या नंदुरबारच्या धडगाव भागातून वर-खाली करत जावं लागतं. नोव्हेंबर-डिसेंबरात ओढ्यांना पाणी असतं, चढ सोसतात. मार्चनंतर तेच डोंगर बोडके आणि कोरडे. हा तुकडा समुद्र ओलांडून भरुचला संपवावा.

दुसरा, भरुच ते नेमावर, उत्तर तटाने. हाही थंडीतलाच, पुढच्या वर्षी. तिसरा नेमावर ते अमरकंटक: जानेवारीत निघून होळीच्या सुमारास वर पोचायचं. मैदानात ऊन चढू लागतं तोवर तुम्ही उंचीवर असता. महुआची फुलं पडायला लागलेली असतात, रात्री सुखाच्या असतात. एक धोका मावठाचा. पश्चिमी झंझावात आला की फेब्रुवारी-मार्चमध्येही पाऊस होतो, गाराही पडतात, म्हणून त्या तुकड्याला पोंचो सोडू नका.

चौथा तुकडा माझा लाडका, अमरकंटक ते ओंकारेश्वर, दक्षिण तट. हा ऑक्टोबरच्या शेवटी वरून सुरू करावा. पाऊस नुकताच ओसरलेला असतो, नदी भरून वाहत असते, पण डोंगरउतारावर पाणी थांबत नाही, दिंडोरी-मंडल्यापर्यंत पायाखालची जमीन लवकर वाळते. त्याच आठवड्यात खालच्या मैदानात पाऊल टाकलं तर काळ्या मातीचा बुटाच्या तळाला भाकरीएवढा थर चिकटतो, आणि शेर, शक्कर, दुधी, तवा या उपनद्याही अजून भरलेल्या. वरून चालत खाली येईपर्यंत महिनाभर जातो. तोवर शेतं वाळतात, नांगरून गहू-हरभरा पेरला जातो आणि उपनद्या उतरतात. इथे वाट आणि ऋतू एकाच दिशेने खाली उतरतात. अख्ख्या परिक्रमेत ही सोय मला एवढ्या एकाच ठिकाणी सापडली आहे.

मैदानाचा विषय निघालाच आहे तर दवाचंही सांगून टाकतो. थंडीत पहाटे पाचला निघावं असं सगळी पुस्तकं सांगतात. जानेवारीत नरसिंहपूरकडच्या शेतांतून ते करू नका. पायवाट गव्हातून जाते, गहू गुडघ्याला लागतो आणि त्यावर दव असं असतं की पंधरा मिनिटांत विजार मांडीपर्यंत ओली आणि बुटात पाणी. ओल्या मोज्यांनी दुपारपर्यंत फोड येतात. गावकरी नऊपर्यंत शेकोटीजवळून हलत नाहीत, आपणही हलू नये. चहा घ्यावा, मोजे शेकून घ्यावेत. ऊन पडलं की मग निघावं. थंडीतला दिवस लहान असला तरी पंधरा-अठरा किलोमीटर आरामात होतात.

सांध्यांची गावं मी उगाच निवडलेली नाहीत. भरुचला मुंबई-दिल्ली मार्गावरचं मोठं स्टेशन आहे. नेमावरच्या समोर पलीकडच्या तटावर हंडिया आणि तिथून हरदा स्टेशन जवळ. अमरकंटकहून पेंड्रा रोड. यावर कडवे लोक हमखास म्हणतात की घरी जाताना पूल ओलांडला की परिक्रमा खंडित. आपलं महाराष्ट्रीयांचं घर नदीच्या दक्षिणेला, तेव्हा उत्तर तटावरून घरी जायचं तर मैया ओलांडावीच लागणार. माझं मत असं की पायी चाललेली रेघ अखंड हवी. रेल्वेने कुठे गेलात ते मैया विचारत नाही. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी वाट बघावी, निवृत्त व्हावं आणि सलग चालावं.

या बाबतीत मला कायम अमृतलाल वेगडांचा आधार वाटतो. जबलपूरचे, चित्रकलेचे शिक्षक, शांतिनिकेतनात शिकलेले. १९७७ मध्ये पन्नाशीला टेकल्यावर जबलपूरहून मंडल्याकडे चालू लागले आणि पुढची कित्येक वर्षं तुकड्यातुकड्यानेच चालत राहिले. थांबत, रेखाटनं करत. तुकडे पाडण्याचा एक फायदा त्यांच्या लिखाणात दिसतो तो फक्त हवेचा नाही: त्यांनी आधी पाहिलेला काठ पुढे बरगी धरणाच्या पाण्याखाली गेला, आणि आज तो काठ त्यांच्या पुस्तकात आहे.

उरला समुद्र. दक्षिणेकडून होडी विमलेश्वर-कतपोर भागातून सुटते आणि उत्तरेला मीठी तलाईला लागते. खंबातच्या आखातातली भरती-ओहोटी जगातल्या सर्वांत मोठ्या भरती-ओहोटींत गणली जाते. ओहोटीला होडी चिखलात कुशीवर पडलेली असते, पाणी चढलं की मगच हलते. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून एका मंडळीला होडी दुपारी मिळते तर दुसऱ्या मंडळीला रात्री दोनला. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी भरपूर, अष्टमीच्या सुमारास भांगाच्या दिवसांत कमी, आणि तशात परिक्रमावासींची गर्दी असली की मुक्काम वाढतो. तेव्हा बाई, नोव्हेंबरचं ओंकारेश्वरला जायचं तिकीट आजच काढा. भरुचहून परतीचं मात्र होडीतून उतरून मीठी तलाईला पाय लागेपर्यंत काढू नका.