कांदा सापडला, कांद्याचे भाव निसटले

लासलगावच्या कांदा उत्पादकाने बातम्यांच्या चाळणीत ‘कांदा’ हा शब्द टाकला, तर ‘कांदा गडगडला’ ही बातमी त्याला मिळते. ‘कांद्याचे भाव कोसळले’ ही मात्र निसटते. यंत्र नुसती अक्षरे जुळवते, सामान्यरूप त्याला कोणी शिकवलेले नसते.

या चाळण्या मुख्यतः आरएसएसवर चालतात. नेटस्केप कंपनीत रामनाथन गुहा आणि डॅन लिबी यांनी १९९९ मध्ये ही पद्धत आणली. संकेतस्थळ आपल्या ताज्या मथळ्यांची यादी ठरावीक साच्यात मांडून ठेवते. वाचकाचे अ‍ॅप अधूनमधून तिथे डोकावते आणि नवे काही असेल ते उचलून आणते. २००५ साली आलेल्या ‘गूगल रीडर’मुळे अनेकांना याची गोडी लागली. १ जुलै २०१३ रोजी तो बंद झाला, तेव्हा पुष्कळ जण ‘फीडली’कडे वळले. तिथे किंवा ‘इनोरीडर’मध्ये हवे-नको ते शब्द सांगता येतात, काही सोयींना पैसे पडतात, एवढेच.

बातम्या निवडण्याचा दुसरा मार्ग याहून जुना. १९९४ मध्ये ‘ग्रुपलेन्स’ प्रकल्पात वाचक ‘युजनेट’ या चर्चाजाळ्यावरच्या मजकुराला १ ते ५ गुण देत. ज्यांची आवड जुळते, त्यांच्या गुणांवरून पुढची शिफारस होई. आजचे मोबाइल गुणही मागत नाहीत. बोट कुठे थांबले, यावरूनच ते अंदाज बांधतात. अशाने माणूस नकळत एकाच प्रकारच्या बातम्यांत कोंडला जातो, असा इशारा लेखक एलाय परायझर यांनी २०११ मध्ये दिला होता. स्वतः लावलेल्या चाळणीतही तो धोका आहेच. पण तिची भोके कुठे आहेत, हे निदान ठाऊक असते.

मराठीत ती भोके पाडणे हे वेगळेच कसब. ‘कांद’ एवढेच टाकले, तर कांद्याबरोबर कांदिवलीची वाहतूककोंडी आणि कांदळवनेही येतात. ती नावे वगळावी लागतात. ‘पाऊस’ आणि ‘पावसाने’ यांत तर सुरुवातीच्या ‘पा’पलीकडे उपयोगाचे काही समान नाही, म्हणून ‘पावस’ वेगळा द्यायचा. मग रत्नागिरीजवळचे पावस गावही हजर!

‘शेतकऱ्यांना’ हा शब्द आणखी छळतो. त्यातला ‘ऱ्य’ संगणकात दोन प्रकारे साठवला जातो. पडद्यावर फरक दिसत नाही, यंत्राला मात्र दोन निराळे शब्द वाटतात. त्यावर उपाय घरगुतीच: एक रूप स्वतः टाइप करायचे आणि दुसरे, निसटलेल्या बातमीतून उचलून, चिकटवायचे.