बायोफ्लॉकच्या हौदांत गुळाचें माप

सन २०२० मध्यें सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेंतून बायोफ्लॉकच्या हौदांस अनुदान मिळूं लागलें, तेव्हांपासून सायप्रिनस, रोहू इत्यादि मासे हौदांत पाळण्याकडे कित्येक शेतकरी बंधु वळले आहेत. त्यांपैकीं अनेकांची समजूत अशी कीं, पाण्यांत गूळ टाकावयाचा तो माशांचें पोषण म्हणून. वस्तुतः गूळ हा पाण्यांतील जंतूंसाठीं असतो.

उसाचें पाचट नुसतें गाडल्यास पुढील पीक पिवळें पडतें, हें वाचकांस ठाऊकच आहे. पाचटांत कर्ब फार व नत्र थोडें. सबब तें कुजविणारे जंतु जमिनींतील नत्र ओढून घेतात. शेतांत जें नुकसानीचें, तेंच हौदांत मुद्दाम घडवून आणावयाचें. कारण तेथें नत्र नको इतकें सांचतें.

तीस टक्के प्रथिनांच्या एक किलो खाद्यांतून सुमारें ४८ ग्रॅम नत्र हौदांत जातें. त्याचा चौथा हिस्साच माशांच्या अंगीं लागतो. एकूण नत्राचा सुमारें निम्मा भाग, म्हणजे २४ ग्रॅम, अमोनिया होऊन पाण्यांत उतरतो, आणि तोच मासे मारतो. इस्रायलचे शास्त्रज्ञ योराम अवनिमेलेक यांच्या १९९९ सालच्या हिशेबाप्रमाणें अमोनियांतील एक ग्रॅम नत्र जंतूंच्या शरीरांत बांधण्यास सुमारें २० ग्रॅम शर्करामय पदार्थ लागतो. म्हणजे किलोभर खाद्यामागें अदमासें अर्धा किलो गूळ. हे जंतु गोळा होऊन त्यांचे पुंजके बनतात व ते मासे खातात. वाया जाणारें नत्र असें पुन्हां कामीं येतें. आमची हयात महसुलाच्या जमाखर्चांत गेल्यामुळें असेल, पण खाद्याची नोंद न ठेवितां गूळ ओतणें आम्हांस पावतीवांचून रक्कम जमा धरण्यासारखें वाटतें.

मात्र खरा धोका निराळाच आहे. गूळ मिळतांच जंतु झपाट्यानें वाढतात, आणि तेही माशांप्रमाणेंच पाण्यांतील प्राणवायु घेतात. अशा वेळीं वीज जाऊन हवेचा पंप बंद पडला, तर भरलेल्या हौदांतील मासे थोड्याच वेळांत गुदमरतात. याकरितां गूळ दिवसा, पाण्यांत विरघळवून, थोडा थोडा द्यावा. वीज नसतां गूळ व खाद्य दोन्हीं बंद ठेवावीं. जनरेटरची सोय नसेल त्यानें हौद बांधूंच नये, असें आमचें स्पष्ट मत आहे, मग अनुदान कितीही मिळो.

हौद जुना होऊन अमोनियाचें नायट्रेट करणारे जंतु स्थिरावले, म्हणजे गुळाची गरज कमी होते. त्या वेळीं अमोनिया मोजून पाहावा, व तो वाढलेला आढळल्यासच गूळ द्यावा.