फाइल कोणी वाचायची?

डाउन सिंड्रोम असलेलं बाळ घरी आलं की पहिल्या महिन्या-दोन महिन्यांतच कपाटात एक जाड फाइल तयार होते. गुणसूत्रांचा रिपोर्ट, हृदयाचा इको, थायरॉइडची टीएसएच चाचणी, कानांची तपासणी. प्रत्येक कागद वेगळ्या डॉक्टरांचा, पुष्कळदा वेगळ्या गावचा. हे सगळे कागद एकत्र वाचणारं माणूस बहुतेक घरांत एकच असतं, बाळाची आई. हे ओझं तिच्या एकटीवर असू नये, असं मला फार मनापासून वाटतं.

साधारण सातशे ते हजार जन्मांमागे एका बाळाच्या पेशींत २१व्या गुणसूत्राची जोडी नसते, तिकडी असते. फ्रान्समधल्या संशोधकांनी १९५९ साली हे जगापुढे मांडलं. आईचं वय वाढतं तशी शक्यता वाढते, पण तरुण आयांनाही अशी बाळं होतात. ग्रहणात भाजी चिरली, गरोदरपणी पपई खाल्ली, असल्या कशाचाही इथे काडीचा संबंध नाही. हे सासूबाईंना आणि शेजारणींना डॉक्टरांनीच एकदा स्पष्ट सांगितलं, तर त्या आईचे पुढचे कितीतरी दिवस सुसह्य होतील.

जवळपास निम्म्या बाळांच्या हृदयात जन्मजात दोष असतो, आणि सुरुवातीला तो स्टेथोस्कोपने कळेलच असं नाही. म्हणून इको प्रत्येक बाळाचा करायचा. आता असं बाळ दूध पिताना पाहा. चार घोट घेऊन थांबतं, धाप लागते, कपाळावर घाम येतो, वजन वाढत नाही. स्नायू सैल असल्यामुळे ते नीट ओढत नाही, असंच सगळ्यांना वाटतं. सैलपणा खराच असतो, पण घाम हृदयाचा असू शकतो. हृदयातलं मोठं छिद्र पहिल्या काही महिन्यांत बुजवलं नाही, तर फुप्फुसांतला रक्तदाब कायमचा वाढून शस्त्रक्रियेची वेळच निघून जाऊ शकते. फिजिओथेरपिस्टने हृदयाच्या डॉक्टरांना केलेला एक फोन इथे किती मोलाचा ठरेल!

"डाउन सिंड्रोम आहे ना, मग असंच असणार." माझ्या मते या मुलांचं सर्वांत जास्त नुकसान याच वाक्याने केलंय. चार वर्षांची मुलगी हाकेला ओ देत नाही, तिला हट्टी ठरवतात. तिच्या कानाच्या पडद्यामागे चिकट पाणी साचलेलं असतं. कान न तपासता वर्षभर स्पीच थेरपी केली, तर पैसा आणि उमेद दोन्ही वाया जातात. मुलगा सुस्त झाला, अंग जड झालं, तर थायरॉइड बघा. टीएसएच दरवर्षी, आयुष्यभर. रात्री घोरतो, मान मागे टाकून किंवा बसून झोपतो आणि दिवसा चिडचिड करतो, तर झोपेत श्वास अडकत नाही ना, ते तपासून घ्या.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याच्या यादीत डाउन सिंड्रोम आहे, आणि जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, श्रवणतज्ज्ञ एकाच छपराखाली असावेत अशी योजना आहे. पदं भरलेली असतील तिथे पालकांचे हेलपाटे खरंच वाचतात. राष्ट्रीय न्यासाचा 'निरामय' आरोग्यविमा एक लाखापर्यंतचा असून त्यात थेरपीचा खर्चही धरतात. तरीही एका बालरोगतज्ज्ञांनी सूत्रं हाती घ्यायला हवीत, आणि फाइलीच्या पहिल्या पानावर पुढच्या तपासण्यांच्या तारखा असायला हव्यात. त्या तारखा बाबांनी सांभाळाव्यात. कारण मुलासाठी नोकरी सुटते ती बहुधा आईचीच.

नव्या पालकांना धीर येतो तो जुन्या पालकांना भेटून. डाउन सिंड्रोम असलेली पुण्याची जलतरणपटू गौरी गाडगीळ 'यलो' या २०१४च्या चित्रपटात स्वतःच्याच भूमिकेत दिसली, तेव्हा अनेक घरांनी पहिल्यांदाच आपल्या मुलीच्या तरुणपणाचा विचार केला असेल.

आणि तो करायलाच हवा. अमेरिकेत १९८३च्या सुमारास या व्यक्तींचं सरासरी आयुर्मान पंचविशीचं होतं, आता ते साठीच्या घरात आहे. म्हणजे आईवडील आधी जाणार. अठरा वर्षांनंतर राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून कायदेशीर पालक नेमून घेता येतो. डोंबिवलीजवळ खोणीला तर पालकांनीच एकत्र येऊन मोठ्या झालेल्या मुलांसाठी 'घरकुल' उभारलं. बालरोगतज्ज्ञांचं काम मात्र अठराव्या वर्षी संपतं आणि पुढे कोणाकडे जायचं, हे कुणी सांगत नाही. चाळिशीनंतर अल्झायमरचा धोका या व्यक्तींना खूप जास्त असतो. पण माणूस विसरायला लागलं, गप्प झालं, की लगेच तो शिक्का मारू नका. आधी टीएसएच, कान, मोतीबिंदू आणि झोप तपासून घ्या. यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपचार आहेत.