विश्लेषण : आई-वडिलांच्या सांगण्यावर शंका होती, तरी आरुषी प्रकरणात ते निर्दोष का सुटले?

घरात रात्री चार माणसे होती. सकाळी त्यातली दोघे मेलेली आणि दोघे जिवंत. जबरदस्तीने कोणी आत घुसल्याच्या खुणा नाहीत. जिवंत राहिलेल्या दोघांचे म्हणणे एवढेच, की आम्ही झोपलो होतो, काही ऐकू आले नाही. यावर विश्वास ठेवायचा का?

आरुषी तलवार आणि हेमराज यांच्या हत्येचा तपास, खटला आणि टीव्हीवरच्या चर्चा याच प्रश्नाभोवती फिरत राहिल्या. डॉ. राजेश आणि डॉ. नूपुर तलवार यांना २०१३ मध्ये जन्मठेप झाली आणि २०१७ मध्ये ते निर्दोष सुटले. त्यांच्या सांगण्यातील कोणत्या गोष्टींवर शंका घेतली गेली आणि न्यायालयात त्या शंकांचे काय झाले, ते पाहू.

त्या रात्री काय घडले?

१५ मे २००८ ची रात्र. नोएडातील सेक्टर २५ मधील जलवायू विहार ही वसाहत. राजेश आणि नूपुर दोघेही दंतवैद्य. १३ वर्षांची आरुषी त्यांची एकुलती एक मुलगी, चौदावा वाढदिवस आठवड्यावर आलेला. मूळचा नेपाळचा हेमराज घरातच राहून काम करायचा.

१६ मे रोजी सकाळी सहाच्या सुमारास घरकाम करणाऱ्या बाईंनी बेल वाजवली. त्यानंतर थोड्याच वेळात आरुषीचा मृतदेह तिच्या खोलीत आढळला. हेमराज घरात नव्हता, त्यामुळे खुनी तोच, असे पोलिसांनी धरून टाकले. गच्चीच्या दाराला कुलूप होते आणि तिथे रक्ताचे डाग दिसत होते, तरी ते कुलूप त्या दिवशी तोडले गेले नाही. १७ मे रोजी ते तोडले, तेव्हा हेमराजचा मृतदेह गच्चीवरच सापडला.

म्हणजे पोलीस ज्याला शोधत होते, तो त्यांच्या डोक्यावरच्या मजल्यावर पडून होता. तोवर घरातून शेजारी, नातेवाईक, पत्रकार अशी अनेक माणसे फिरून गेली होती. घरातून गोळा केलेले बोटांचे बहुतेक ठसे निरुपयोगी ठरले. पुढच्या साऱ्या गोंधळाचे मूळ या पहिल्या ३६ तासांत आहे.

२३ मे रोजी राजेश तलवार यांना अटक झाली. पोलिसांनी पत्रकार परिषदेत खुनाचे कारण सांगताना मृत मुलीच्या चारित्र्यावरच शिंतोडे उडवले.

एक तपास यंत्रणा, दोन निष्कर्ष

तपास सीबीआयकडे गेला. पहिल्या पथकाने तलवार यांच्या ओळखीतील तीन नोकरांवर संशय घेतला, त्यांच्या नार्को चाचण्या केल्या, पण आरोपपत्र दाखल झाले नाही. राजेश यांना जुलैमध्ये जामीन मिळाला. २००९ मध्ये आलेल्या दुसऱ्या पथकाचा संशय उलट आई-वडिलांवर होता. डिसेंबर २०१० मध्ये या पथकाने तपास बंद करण्याचा अहवाल दिला. संशय राजेश यांच्यावर आहे, पण पुरावा पुरेसा नाही, असा त्याचा सूर होता.

या अहवालाला तलवार दाम्पत्यानेच विरोध केला. तपास बंद करू नका, पुढे चालवा, ही त्यांची मागणी होती. गाझियाबादच्या दंडाधिकाऱ्यांनी फेब्रुवारी २०११ मध्ये अहवाल फेटाळला खरा, पण त्याच कागदपत्रांच्या आधारे दोघांनाच आरोपी म्हणून बोलावले.

झोप आणि राउटर

पहिली शंका झोपेची. शेजारच्या खोलीत मुलीचा खून होतो आणि आई-वडिलांना जाग येत नाही? मे महिन्यातली रात्र, दोन्ही खोल्यांतले एसी सुरू, हे त्यांचे उत्तर होते.

त्यावर सीबीआयने इंटरनेटचा राउटर पुढे आणला. राउटर आरुषीच्या खोलीत होता आणि सेवा पुरवणाऱ्या कंपनीच्या नोंदींत तो रात्रभर अधूनमधून बंद-चालू झाल्याचे दिसत होते. म्हणजे घरात कोणीतरी जागे होते, असा युक्तिवाद झाला. ऐकायला पटतो. पण अशा नोंदीतून जोडणी कधी सुरू झाली आणि कधी तुटली एवढेच कळते. बटण कोणाच्या हाताने दाबले गेले, की लाइनमधील बिघाडाने किंवा वापर नसल्याने जोडणी आपोआप तुटली, हे त्यावरून कळत नाही. घरी वायफाय असलेल्या कोणालाही हे सांगायला नको.

उच्च न्यायालयाने याच नोंदी पुढे वाचल्या. १६ मेच्या सकाळी, घर पोलिसांनी भरलेले असतानाही राउटर तसाच बंद-चालू होत होता. तेव्हा तर खुनी बटण दाबत बसलेला नव्हता. रात्री कोणीतरी जागे होते, हा निष्कर्ष इथेच कोसळला.

बाहेरून लागलेले दार

दुसरी शंका दाराची. तलवार यांच्या घराला एकामागे एक दारे होती. मधले जाळीचे दार बाहेरून लावलेले होते, म्हणून नूपुर यांनी बाल्कनीतून किल्ली खाली टाकली, असे त्यांचे म्हणणे. दार बाहेरून लागलेले असेल, तर ते लावणारा बाहेर गेला असणार.

इथे हेमराजच्या खोलीला महत्त्व येते. तिला घरात उघडणारे एक दार होते आणि बाहेरची जाळी व मधले दार यांच्यामध्ये उघडणारे दुसरे. त्यामुळे मधल्या दाराला बाहेरून कडी घालून कोणी या खोलीतून पुन्हा घरात येऊ शकत होता, तसाच कडी घालून निघूनही जाऊ शकत होता. एकच रचना दोन्ही बाजूंना सारखीच उपयोगी पडते.

उरली घरकाम करणाऱ्या बाईंची साक्ष. दार खरेच लागलेले होते का, हे त्यांच्याच सांगण्यावर ठरणार होते. पण आपल्याला जे समजावले तेच आपण सांगत आहोत, असे त्यांनी न्यायालयातच म्हटले. ही साक्ष पढवलेली असल्याचे उच्च न्यायालयाने नोंदवले.

रक्त काय सांगत होते?

दोन्ही खून आरुषीच्या खोलीत झाले आणि हेमराजला नंतर गच्चीवर ओढत नेले, असे सीबीआयचे म्हणणे होते. मात्र आरुषीच्या खोलीत हेमराजचे रक्त सापडले नाही. राजेश यांच्या कपड्यांवर आरुषीचे रक्त होते, हेमराजचे नव्हते.

उलट हैदराबादच्या प्रयोगशाळेच्या २००८ मधील अहवालानुसार, संशयित नोकरांपैकी एकाच्या खोलीतून जप्त केलेल्या उशीच्या अभ्र्यावर हेमराजचा डीएनए होता. २०११ मध्ये ही लिहिण्यातील चूक असल्याचा खुलासा झाला. ज्या अहवालावर माणसे तुरुंगात जातात, त्यातली चूक तीन वर्षांनी लक्षात यावी, हे पचायला जड आहे.

मग शिक्षा कशी झाली?

याचे उत्तर साक्ष कायद्याच्या कलम १०६ मध्ये आहे. नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमात हेच कलम १०९ आहे. जी गोष्ट विशेषतः एखाद्यालाच माहीत असते, ती त्याने सिद्ध करावी, असे ते सांगते. घराच्या चार भिंतींआड झालेल्या गुन्ह्यात याचा वापर कसा करायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये महाराष्ट्रातील एका विवाहितेच्या मृत्यूच्या खटल्यात सविस्तर सांगितले. अशा वेळी घरातल्यांनी पटेल असा खुलासा द्यायला हवा, गप्प बसून किंवा खोटे सांगून सुटता येणार नाही.

गाझियाबादच्या न्यायालयाने तलवार यांना याच मापाने मोजले. उच्च न्यायालयाने मात्र क्रम बदलू दिला नाही. घरात बाहेरचे कोणी येऊच शकत नव्हते, हे आधी सरकार पक्षाने सिद्ध करायचे, आरोपीच्या खुलाशाची पाळी त्यानंतर. इथे ती पहिली पायरीच पूर्ण झाली नव्हती. चार माणसांचे ते बंद घर मुळात बंद असल्याचेच शाबित झाले नव्हते.

१२ ऑक्टोबर २०१७ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने दोघांना निर्दोष सोडले. खंडपीठातील एका न्यायमूर्तींनी स्वतंत्र निकालपत्रात कनिष्ठ न्यायालयाला फटकारताना चित्रपट दिग्दर्शक आणि गणिताच्या शिक्षकाची उपमा दिली. विखुरलेल्या गोष्टींची मनाने कथा जुळवली, असा त्याचा रोख होता. चार दिवसांनी तलवार दाम्पत्य डासना तुरुंगातून बाहेर आले.

आता पुढे काय?

सुटकेविरुद्ध सीबीआय सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २०१८ मध्ये ते अपील दाखल करून घेण्यात आले. पण सीबीआयच्या आधीच तिथे दाद मागितली होती ती हेमराजच्या पत्नीने. तिचा नवरा आधी खुनी म्हणून शोधला गेला, मग प्रेत म्हणून सापडला. त्याला कोणी मारले, याचे उत्तर तिला एकाही न्यायालयाच्या निकालात मिळालेले नाही.