विश्लेषण : जाहिरातीविना ग्राहक संकेतस्थळावर कसे येतात? ‘कंटेंट कॅलेंडर’ म्हणजे काय?

एप्रिल उजाडला की ‘अस्सल हापूस कसा ओळखावा’, ‘पेटीतले आंबे कसे पिकवावेत’ असे प्रश्न मोबाइलवर विचारले जातात. याची सर्वात खात्रीची उत्तरे बागायतदार आणि विक्रेत्यांकडे असतात. पण शोधाच्या यादीत त्यांचे संकेतस्थळ क्वचितच दिसते. कारण एक तर त्यांनी काही लिहिलेले नसते किंवा ऐन हंगामात घाईघाईने लिहिलेले असते. ही चूक टाळण्यासाठी लेखांचे वेळापत्रक, म्हणजेच ‘कंटेंट कॅलेंडर’ उपयोगी पडते.

ऑर्गॅनिक ट्रॅफिक म्हणजे काय?

गुगलवर शोध घेतल्यावर ‘प्रायोजित’ असा उल्लेख असलेले दुवे जाहिरातीचे असतात. त्याखेरीज जे दुवे दिसतात, त्यावरून येणारे वाचक म्हणजे ऑर्गॅनिक ट्रॅफिक. जाहिरातीचे पैसे थांबले की तिच्यावरून येणारे ग्राहकही थांबतात. उपयुक्त लेखाला मात्र प्रत्येक क्लिकमागे पैसे मोजावे लागत नाहीत आणि तो अनेक हंगाम वाचक आणू शकतो. त्याची किंमत वेळ आणि मेहनतीच्या रूपात मोजावी लागते.

कॅलेंडरमध्ये काय लिहायचे?

त्यासाठी महागडे सॉफ्टवेअर लागत नाही. साधी गुगल शीट पुरते. ग्राहकाचा प्रश्न, लेख कोण लिहिणार, तो कधी प्रसिद्ध होणार, त्यातून वाचक कोणत्या उत्पादनाच्या पानावर जाणार आणि लेख पुन्हा कधी तपासायचा, असे पाच रकाने करावेत. ‘लेख कोण लिहिणार’ हा रकाना रिकामा राहिला, तर तो लेख बहुधा लिहिलाच जात नाही.

तारीख कशी ठरवायची?

हंगामापासून मागे मोजत. संकेतस्थळावरील बदलांचा परिणाम शोधात दिसायला काही तासांपासून अनेक महिने लागू शकतात, असे गुगलचेच मार्गदर्शन आहे. हापूसचा मुख्य हंगाम साधारण मार्च ते मे. म्हणजे त्याचे लेख डिसेंबर-जानेवारीतच प्रसिद्ध व्हायला हवेत. उदाहरणार्थ, डिसेंबरमध्ये हापूसच्या भौगोलिक मानांकनाविषयी लिहिता येईल. २०१८ मध्ये मिळालेले हे मानांकन रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतील हापूससाठी आहे. जानेवारीत आंबे घरी पिकवण्याची पद्धत सांगावी. कॅल्शियम कार्बाइड वापरून फळे पिकवण्यास देशात बंदी का आहे, हेही त्यात येईल. आमरस साठवण्याचा लेख मेमध्ये वाचला जाणार असला, तरी तो फेब्रुवारीत तयार हवा. पावसाळ्यात जुने लेख दुरुस्त करावेत.

विषय कुठे सापडतात?

सर्वात आधी स्वतःच्या फोनमध्ये. ग्राहक व्हॉट्सअॅपवर वारंवार जे विचारतात, ते इतरही शोधत असण्याची शक्यता मोठी. ‘गुगल ट्रेंड्स’वर एखाद्या शब्दाचा शोध कोणत्या महिन्यात वाढतो, हे दिसते. लोक कोणते शब्द टाइप करून तुमच्या संकेतस्थळापर्यंत आले, हे ‘सर्च कन्सोल’ सांगते. दोन्ही सेवा मोफत आहेत.

रोज एक लेख हवा का?

नाही. महिन्याला दोन चांगले लेख झाले, तरी वर्षाला २४ होतात. केवळ क्रमवारीत वर येण्यासाठी घाऊक प्रमाणात तयार केलेल्या मजकुराविरुद्ध गुगलने मार्च २०२४ मध्ये धोरण कडक केले. मग तो मजकूर माणसाने लिहिलेला असो वा यंत्राने. त्यातच ऑगस्ट २०२४ पासून भारतातही अनेक प्रश्नांची उत्तरे शोधाच्या पानावर वरच एआय देऊ लागले आहे. त्यामुळे सर्वत्र मिळणारी माहिती पुन्हा लिहून फारसा उपयोग नाही. या वर्षी मोहोर कसा आला, पेटी कशी भरली जाते, पार्सलमध्ये आंबा कशाने खराब होतो, हे ज्याने पाहिले आहे तोच सांगू शकतो. अशाच लेखांना वाव आहे.

परिणाम कसा तपासायचा?

सर्च कन्सोलमध्ये लेख शोधात किती वेळा दिसला आणि त्यावर किती क्लिक झाले, हे कळते. दिसला भरपूर पण क्लिक कमी, असे असेल तर आधी शीर्षक बदलून पाहावे. तिथे १६ महिन्यांची माहिती राहते. त्यामुळे यंदाच्या एप्रिलची गेल्या एप्रिलशी तुलना करता येते. मात्र वाचक वाढूनही ऑर्डर वाढत नसतील, तर लेखातून उत्पादनाच्या पानाकडे जाणारा रस्ता नीट आहे का, हे पाहावे. दरवर्षी त्याच विषयाचे नवे पान करण्याऐवजी जुन्या पानावरच नवे दर आणि माहिती भरावी. दोन-तीन महिन्यांत फरक दिसला नाही म्हणून लिहिणे सोडू नये. हंगामी व्यवसायात खरा हिशेब दुसऱ्या हंगामातच मांडता येतो.