माणूस आणि कारखाना – ६ : प्रेसखालचं बोट कोणाच्या हिशेबात?

पॉवर प्रेसवरचा अपघात पापणी लवायच्या आत होतो, पण त्याची तयारी महिनोन् महिने चाललेली असते. ती तयारी कोण करतं, याचा शोध आज घ्यायचा आहे.

मागच्या आठवड्यात आपण 'उद्योग आणि मानवी हक्क' या विषयावरची संयुक्त राष्ट्रांची मार्गदर्शक तत्त्वं पाहिली. जॉन रगी या प्राध्यापकांनी सहा वर्षं खपून ती तयार केली आणि जून २०११ मध्ये मानवी हक्क परिषदेने ती एकमताने स्वीकारली. तत्त्वं एकूण ३१ आहेत. कंपन्यांपुरता त्यांचा गाभा असा, की आपल्या धंद्यापायी कोणाचे हक्क तुडवले जाऊ देऊ नयेत आणि तसं झालंच तर भरपाई करावी. त्यानंतर आपल्याकडच्याही पुष्कळ कंपन्यांनी मानवी हक्कांची धोरणं लिहिली, संकेतस्थळांवर टाकली. ती धोरणं आज बाजूला ठेवू आणि एका यंत्रापाशी जाऊन उभं राहू.

भोसरी, तळवडे, चाकण या पट्ट्यात रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडमधून ठोक्याचा एकसारखा आवाज येतो. तो प्रेसचा. मोटारीत आणि दुचाकीत पत्र्याचे असंख्य लहान भाग लागतात. ब्रॅकेट, क्लॅम्प, वॉशर, पट्ट्या असे कितीतरी. खाली डाय, वर पंच, मध्ये पत्र्याचा तुकडा. ऑपरेटर स्टुलावर बसतो, उजव्या हाताने तुकडा डायवर ठेवतो, पायाने पेडल दाबतो, पंच खाली येतो, तयार जॉब डाव्या हाताने काढतो. पुन्हा तुकडा, पुन्हा पेडल. पाळीत हे हजारो वेळा होतं. बारा तासांच्या पाळीत दहाव्या तासाला हात आणि पाय यांचा मेळ किंचित चुकला, पाय अर्ध्या क्षणाने आधी पडला, की काय होतं ते सांगायला नको.

इथे यंत्राबद्दल एक बारकावा समजून घ्यायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. जुन्या पद्धतीच्या प्रेसमध्ये चावीचा क्लच असतो. एकदा पेडल दाबलं आणि चावी अडकली की पंच धरणारा रॅम पूर्ण फेरी करूनच थांबतो. अधल्यामधल्या वाटेवर त्याला कोणी थांबवू शकत नाही. चावी किंवा स्प्रिंग झिजलेली असेल तर पेडल न दाबताही दुसरा ठोका पडतो. कामगार त्याला 'डबल स्ट्रोक' म्हणतात. अशा प्रेसला सेन्सर बसवला तरी तो निरुपयोगी, कारण हात दिसला तरी यंत्राला थांबताच येत नाही. सेन्सरचा उपयोग व्हायचा तर हवेच्या दाबावर चालणारा क्लच लागतो. तो रॅमला वाटेत रोखू शकतो. दोन्ही हातांनी दोन बटणं एकाच वेळी दाबायची सोय हाही एक उपाय आहे, पण उत्पादन वाढवायचं म्हणून त्यातलं एक बटण चिंधी कोंबून दाबून ठेवलेलं असलं की तोही संपला.

हरियाणाच्या गुरुग्राम, मानेसर आणि फरिदाबाद भागात काम करणारी 'सेफ इन इंडिया फाउंडेशन' ही संस्था २०१९ पासून 'क्रश्ड' या नावाने अहवाल काढते. वाहनांच्या सुट्या भागांच्या कारखान्यांत जखमी झालेल्या हजारो कामगारांना मदत करता करता तिने ही माहिती जमवली. बहुतेकांची बोटं पॉवर प्रेसवर गेलेली. अनेकांचं ईएसआयचं (कामगार राज्य विम्याचं) कार्ड अपघात झाल्यावर निघालेलं, म्हणजे तोवर कागदावर तो माणूस त्या कारखान्यात नव्हताच. आणि हे कारखाने बहुतेक करून मोठ्या कंपन्यांना थेट माल देणारे नाहीत, तर त्यांच्याही खाली दुसऱ्या, तिसऱ्या पायरीवरचे. हरियाणाचं हे चित्र वाचताना पुण्याच्या वाचकाला ओळखीचं वाटावं, इतका दोन्हीकडचा धंदा एका साच्याचा आहे.

आता बोटाची किंमत. कायद्याने ती ठरवून दिली आहे. कोणता अवयव गेला तर कमाईची ताकद किती टक्क्यांनी घटली असं धरायचं, याचा तक्ता पूर्वी १९२३ च्या भरपाई कायद्याला आणि ईएसआयच्या कायद्याला जोडलेल्या परिशिष्टात होता, नोव्हेंबर २०२५ पासून तो सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. अंगठा पूर्ण गेला तर ३० टक्के. तर्जनी पूर्ण गेली तर १४ टक्के, तिची दोन पेरं गेली तर ११, एक पेर गेलं तर ९. करंगळी पूर्ण गेली तर ७. समजा कामगाराचा कागदावरचा पगार महिना १५,००० रुपये. दिवसाचे ५०० झाले. ईएसआयचा लाभ त्याच्या ९० टक्के, म्हणजे ४५०. त्याचे १४ टक्के म्हणजे ६३ रुपये. संपूर्ण तर्जनीबद्दल ढोबळ मानाने दिवसाला ६३ रुपये, आयुष्यभर. ओव्हरटाइम हातावर रोख देऊन वहीबाहेर ठेवलेला असेल तर तो या हिशेबात येतच नाही. ओव्हरटाइमला कायद्याने दुप्पट दर आहे. तो सिंगल दराने आणि वहीबाहेर दिला की मालकाची त्या दिवशी बचत होते आणि कामगाराचं नुकसान बोट गेल्यानंतरच्या प्रत्येक दिवशी होतं. आणि कार्डच नसेल तर हे ६३ रुपयेसुद्धा झगडून मिळवावे लागतात.

मग वाहन बनवणाऱ्या मोठ्या कंपनीचा याच्याशी काय संबंध? कायद्याच्या नजरेने पाहिलं तर फारसा नाही. तिच्या आवारात ठेकेदाराचे कामगार असतील आणि ठेकेदाराने पगार बुडवला तर मूळ मालक म्हणून तिला तो द्यावा लागतो. पण तिसऱ्या पायरीवरच्या शेडमधला ऑपरेटर तिच्या आवारात नाही, तिच्या हजेरीपटावर नाही, तिच्या ठेकेदाराच्याही नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या श्रमसंहितांनी वीज वापरणाऱ्या जागेला 'कारखाना' म्हणायची मर्यादा १० कामगारांवरून २० वर नेली, त्यामुळे लहान शेड कारखान्यांसाठीच्या खास तरतुदींच्या बाहेर राहू शकते. सेबीच्या नियमानुसार बाजारमूल्यात पहिल्या हजारांत असलेल्या नोंदणीकृत कंपन्यांना दरवर्षी जबाबदार व्यवसायाचा अहवाल द्यावा लागतो, पण पुरवठादारांची माहिती देताना ज्याच्याकडून एकूण खरेदीच्या किमान दोन टक्के खरेदी होते तोच मोजायचा. दहा-पंधरा माणसांची प्रेस शॉप एखाद्या वाहन कंपनीच्या खरेदीचे दोन टक्के कधी होणार? जिथे बोटं जातात ती जागा अहवालाच्या चौकटीत बसतच नाही.

संयुक्त राष्ट्रांची तत्त्वं मात्र हजेरीपट विचारत नाहीत. ती तीन गोष्टी वेगळ्या करतात : इजा तुम्ही स्वतः केली का, इजेला तुमचा हातभार लागला का, की फक्त तुमच्या मालाशी तिचा संबंध आहे. तिन्हींत कंपनीला काही ना काही करावं लागतं, पण हातभार लागला असेल तर भरपाईतही वाटा उचलावा लागतो. हातभार कशाला म्हणायचं, याचं उदाहरण मानवी हक्क उच्चायुक्त कार्यालयाने आपल्या स्पष्टीकरणात दिलं आहे : शेवटच्या घटकेला मालाच्या मागणीत बदल करायचा, पण मुदत वाढवायची नाही आणि भावही वाढवायचा नाही, त्यामुळे पुरवठादाराला कामगारांचे नियम मोडल्याशिवाय माल देताच येत नाही. हे वाचताना कोणत्याही व्हेंडरला आपलाच खरेदी विभाग आठवेल.

आणि आता मला जे मुद्दाम सांगायचं आहे ते. प्रेसच्या धंद्यात काम ठोक्याच्या दराने मिळतं. एका स्ट्रोकला इतके पैसे. वाहन कंपन्या दरवर्षी पहिल्या पायरीच्या पुरवठादाराकडून भावात कपात मागतात, तो खालच्याकडून मागतो आणि शेवटी ती त्या शेडमध्ये पोचते. तिथे कापायला दोनच गोष्टी उरतात, यंत्राची देखभाल आणि माणसाची मजुरी. माल वेळेत पोचला नाही आणि असेंब्ली लाइन थांबली तर वरून दंडाची डेबिट नोट येते. म्हणून स्प्रिंग बदलायला प्रेस दोन तास बंद ठेवणं मालकाला परवडत नाही. पुन्हा, डाय बहुधा व्हेंडरची नसतेच. ती वरच्या कंपनीने बनवून त्याच्याकडे ठेवायला दिलेली असते. डायला सरकती ट्रे, उतार किंवा जॉब आपोआप बाहेर फेकणारी सोय असेल तर हात पंचाखाली घालायची वेळच येत नाही. तुकडा हातानेच ठेवायचा की नाही, हे टूल डिझाइनच्या टेबलावर ठरतं, म्हणजे शेडपासून खूप दूर, एका वातानुकूलित इमारतीत. ज्या इंजिनिअरने डायचा खर्च वाचवला त्याला कोणी सांगितलेलंच नसतं की ही मानवी हक्कांची बाब आहे.

मानवी हक्कांचं काम कंपन्यांमध्ये एचआर, सीएसआर किंवा कायदा विभागाकडे असतं. त्या विभागांना ना डायचं चित्र बदलता येतं, ना स्ट्रोकचा दर. माझं स्पष्ट मत आहे की हा विषय खरेदी विभाग आणि टूल रूमच्या टेबलावर जाईपर्यंत बाकीचं सगळं सह्यांपुरतं राहील. व्हेंडरकडून 'आमच्याकडे सर्व नियम पाळले जातात' अशी सही घेणं सोपं आहे, आणि सही करणारा नाही म्हणू शकत नाही हे दोघांनाही ठाऊक असतं.

मनावर घेणारी कंपनी सुरुवात कुठून करेल? आपल्या प्रत्येक पत्र्याच्या भागाचा माग शेवटच्या शेडपर्यंत काढून. भागाच्या क्रमांकावरून हे होतं. दर्जाच्या तक्रारीत कंपन्या तेवढा माग काढतातच. मग त्यातले चावीच्या क्लचवर चालणारे प्रेस वेगळे काढायचे. तत्त्वांमध्येही क्रम असाच सुचवला आहे : जी इजा भरून न येणारी, ती आधी. तुटलेलं पेर परत येत नाही, म्हणून प्रेसचा नंबर पहिला. क्लच बदलायचा किंवा प्रेस बदलायचा खर्च कोणी द्यायचा यावर घासाघीस होईल. ती होऊ द्यावी, पण निम्मा तरी वाटा वरच्या कंपनीने उचलणं न्यायाचं आहे आणि स्ट्रोकच्या दरात सुरक्षेचा भाग वेगळा लिहून, त्यावर दरकपात लागू नाही असं करारात टाकलं पाहिजे. देखभालीसाठी यंत्र बंद राहिलं तर दंड नाही, हेही. सूक्ष्म आणि लघुउद्योगांचे पैसे ४५ दिवसांत न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज द्यावं लागेल, असं २००६ च्या कायद्यात आहे. तरी बिलं महिनोन् महिने अडकतात आणि व्हेंडरकडच्या कामगारांचा पगार अडकतो. वेळेवर पैसे देणं हे कंपनीच्या हातातलं सर्वांत सोपं काम आहे.

तपासणीबद्दल थोडं. कळवून येणाऱ्या तपासनिसाला स्वच्छ शेड, नवे हातमोजे आणि रंगवलेल्या पिवळ्या पट्ट्या दिसतात. कामगाराशी बोलायचं तर शेडच्या बाहेर, तो राहतो त्या खोलीवर, रविवारी, त्याच्या भाषेत. मराठवाड्यातून आलेला मुलगा मराठीत बोलेल, बिहार किंवा ओडिशाहून आलेल्याला मराठीतला फलक काही सांगणार नाही. त्याला तीनच गोष्टी विचाराव्यात : कार्ड कधी मिळालं, ओव्हरटाइम पावतीवर येतो का, आणि प्रेस बिघडल्याचं सांगितलं तर काय होतं. तिसऱ्याचं उत्तर सर्वांत जास्त काही सांगून जातं.

अपघात झालाच तर? मोठ्या कंपनीला कळलं की तिची पहिली हालचाल बहुधा त्या व्हेंडरचं काम काढून घेण्याची असते. बाहेरून ते कडक दिसतं. प्रत्यक्षात शेडमधल्या बाकीच्या माणसांचा रोजगार जातो, जखमी कामगाराच्या पाठीशी मालकही उरत नाही, आणि पुढच्या वेळी कोणताही व्हेंडर अपघात दडवतो. तत्त्वंही सांगतात की संबंध तोडण्याआधी तोडण्याचे परिणाम पाहावेत आणि आधी आपलं वजन वापरून परिस्थिती सुधारून घ्यावी. जखमी माणसाचं उपचाराच्या काळातलं वेतन पूर्ण मिळतंय का, चिंचवडच्या ईएसआय रुग्णालयात त्याच्यासोबत कोणी गेलं का, ईएसआयच्या नोंदीत त्याचा खरा पगार दाखवला गेला का, आणि बरा झाल्यावर त्याला प्रेसऐवजी दुसरं काम मिळालं का, याचा पाठपुरावा कंपनीच्या एका जबाबदार माणसाच्या नावावर असायला हवा. बदलून टाकलेला जुना प्रेस कुठे गेला हेही विचारावं. असे प्रेस भंगारात वितळत नाहीत, ते जुन्या यंत्रांच्या बाजारातून दुसऱ्या शेडमध्ये जातात. कंपनीने पैसे दिले असतील तर ते यंत्र मोडीत काढल्याचा कागद मागण्याचा तिला अधिकार आहे.

पुढच्या लेखांकात कारखान्याच्या भिंतीबाहेर, शेतात जाऊ : साखर उद्योग, बीडचे ऊसतोड मजूर आणि हंगामाआधी घेतलेली उचल.